भाताच्या गावातला उलटा माणूस

माझी पहिली विज्ञानकथा एका सावलीला अडखळून पडली.

नायक रायपूरचा, बूढा तलावाजवळ राहणारा. २१ जूनला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, भर दुपारी त्याची सावली नाहीशी होते आणि परत येतच नाही. पुढे सतरा पानं त्याचे हाल. कथा एका स्पर्धेला पाठवली. बक्षीस सोडाच, उत्तेजनार्थही काही नाही. हस्तलिखित मात्र परत आलं, आणि पहिल्याच पानाच्या समासात कुणा परीक्षकाने पेन्सिलीने लिहिलं होतं: २१ जूनला रायपुरात दुपारी सावली असते. ती दक्षिणेला पडते. लेखकाने गच्चीवर जाऊन पाहावे.

राग आला. मग नकाशा काढला, आणि रागाची जागा वेगळ्याच कशाने तरी घेतली.

रायपूर साधारण सव्वाएकवीस अंश उत्तर अक्षांशावर. कर्कवृत्त जातं जवळजवळ साडेतेवीसवरून, आमच्याच राज्याच्या उत्तर भागातून. २१ जूनला सूर्य कर्कवृत्ताच्या माथ्यावर असतो, म्हणजे रायपूर ओलांडून दोन अंश पुढे गेलेला. भारतात दुपारची सावली उत्तरेला पडते हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. पण मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, साधारण सात आठवडे, रायपुरात माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला असते. २१ जूनला एक मीटरची काठी सरळ रोवली तर चार सेंटिमीटरहूनही थोडी आखूड. एवढ्या आखूड सावलीकडे कोण बघतो? इतकी वर्षं या गावात राहिलो, माझ्या पायाशी ती दरवर्षी दिशा बदलत होती आणि मला पत्ता नव्हता.

सावली खरोखर गायब होते ती सूर्य जाता-येता रायपूरच्या बरोबर माथ्यावर येतो तेव्हा. एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा जुलैच्या मध्याला. जुलैतला दिवस बहुतेक ढगात जातो. मेमधला पडतो नवतपात, सूर्य रोहिणीत शिरल्यावरच्या त्या नऊ दिवसांत, जेव्हा इथे दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. पुढच्या वर्षी मी त्या दुपारी पोह्यांचा स्टीलचा डबा घेऊन गच्चीवर गेलो. पोह्यांचाच, कारण घरात सरळ उभ्या कडांचा तेवढा एकच. फरशीचा उतार चुकवायला खाली पाट ठेवला, ताटलीत पाणी घालून त्याची सपाटी बघितली. पावणेबाराला डब्याच्या एका अंगाला बोटभर काळी रेघ होती. ती बारीक होत गेली, सुतासारखी झाली, आणि मग डबा नुसताच उभा राहिला. पाटावर चिकटवलेल्या चित्रासारखा. सावली नसली की वस्तू जमिनीवर ठेवलेली वाटतच नाही, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

घड्याळात तेव्हा बारा वाजून जेमतेम एक मिनिट झालं होतं. हाही योगायोग नाही. भारतीय प्रमाणवेळ ठरते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून, आणि ती रेषाही छत्तीसगडमधूनच जाते. राज्याच्या उत्तरेला ती आणि कर्कवृत्त एकमेकांना छेदतात. रायपूर त्या रेषेपासून एक अंशही दूर नाही. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा त्या दिवसांत बारा पस्तीस वाजलेले असतात. आमच्याकडे घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा मेच्या अखेरीस जवळजवळ एकच. एवढं सगळं आयतं हाताशी असताना मी कथेत चुकीची तारीख घालून जादू करायला गेलो होतो.

विज्ञानकथेत एक थाप चालते, हे मला तेव्हा कळायला लागलं. एच. जी. वेल्सचं म्हणणं साधारण हेच होतं: एकच अशक्य गोष्ट वाचकाच्या गळी उतरवा, बाकी सगळं रोजच्या जगासारखं ठेवा. माझ्या कथेत थापा चार आणि चुका सहा होत्या.

कथा लिहिण्याच्या या उद्योगात पडलेले मराठी लोक रायपूरकडे आधीही होऊन गेलेत, थोड्या निराळ्या वाटेने. इथे सप्रे शाळेच्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हे सप्रे कोण ते सांगता येईलच असं नाही. माधवराव सप्रे, जन्म १८७१, घरची भाषा मराठी, शालेय शिक्षण बिलासपूर-रायपुरात. पेंड्र्याच्या राजकुमारांची शिकवणी करून पैसे साठवले आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. सोबतीला रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे. रायपूरचं लाखेनगर यांच्याच नावाचं. तिघे मराठी माणसं, मासिक हिंदी. तीन वर्षं चाललं आणि पैशाअभावी बंद पडलं.

त्यातच १९०१ मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा आली. जमीनदाराने एका विधवेची झोपडी बळकावलेली असते. ती म्हणते, चुलीसाठी इथली टोपलीभर माती नेऊ द्या. टोपली भरते आणि जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. मग ती विचारते, एक टोपली पेलत नाही, तर इथल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलणार? हिंदीतल्या पहिल्या कथेचा मान हिला द्यावा असं म्हणणारे अभ्यासक आहेत, पण तो वाद सप्रे गेल्यावर कितीतरी दशकांनी सुरू झाला. त्यांच्या हयातीत लोक त्यांना ओळखत ते संपादक म्हणून आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे म्हणून.

ही काही विज्ञानकथा नव्हे. पण मला ती प्रयोगासारखी दिसते. एक टोपली घ्या, उचलून बघा, मग हजाराने गुणा. म्हातारीने प्रवचन दिलं असतं तर जमीनदार बधला नसता, वजनाने बधला.

‘छत्तीसगढ़ मित्र’ निघालं त्याच १९०० साली आणखी एक गंमत घडत होती. कोचीनहून सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात ज्यूल व्हर्नच्या १८६५ मधल्या चंद्रप्रवासाचं मराठी रूप क्रमशः येत होतं. आणि ‘छत्तीसगढ़ मित्र’च्याच महिन्यात जन्मलेल्या अलाहाबादच्या ‘सरस्वती’त त्याच वर्षी केशवप्रसाद सिंह यांची ‘चंद्रलोक की यात्रा’ छापली गेली. मराठी आणि हिंदी दोन्ही एकाच वर्षी चंद्राकडे निघाल्या. राइट बंधूंच्या विमानाला अजून तीन वर्षं होती.

रायपूरहून सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरी मराठी, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कवी. मुक्तिबोधांची ‘क्लॉड ईथरली’ ही कथा मी उशिरा वाचली आणि हादरलो. हिरोशिमावर बाँब पडण्याआधी हवामान बघायला जे विमान गेलं त्याचा वैमानिक हा खरा ईथरली. पुढे तो अपराधाच्या भावनेने पोखरला गेला, मनोरुग्णालयात राहिला. मुक्तिबोध त्याला आपल्याकडच्या एका वेड्यांच्या इस्पितळात आणून ठेवतात, भिंतीपलीकडे. एवढीच एक थाप. बाकी सगळं पानाच्या टपरीइतकं ओळखीचं, आणि म्हणूनच अंगावर येणारं.

‘एक साहित्यिक की डायरी’त त्यांनी कलेच्या तीन क्षणांबद्दल लिहिलंय. पहिला, जगण्यातल्या तीव्र अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांसमोर फँटसी होऊन उभा राहतो तेव्हाचा. तिसरा, ती फँटसी शब्दांत उतरवण्याचा. माझ्यासारखे होतकरू पहिला क्षण गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात. मी सावली गायब केली तेव्हा तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मुक्तिबोधांचा पहिला कवितासंग्रह १९६४ मध्ये ते गेल्यानंतर आला, हे मात्र होतकरू माणसाने फार वेळ मनात घोळवू नये.

आता ज्या कथेने मला खरं येड लावलं तिच्याकडे येतो.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिला नंबर आला नारायण विनायक जगताप या नवख्या लेखकाच्या ‘कृष्णविवर’ला. जगताप असा कुणी नव्हताच. ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर. केंब्रिजहून परतलेले, देशभर नाव झालेले खगोलशास्त्रज्ञ. आपलं नाव बघून परीक्षकांचा हात सैल सुटू नये म्हणून टोपणनाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतलेली. कथेची सुरुवात झाली ती अहमदाबादच्या एका परिसंवादात, रटाळ भाषण चालू असताना. कंटाळवाण्या व्याख्यात्यांचं मराठी साहित्यावर एवढं ऋण असेल असं वाटलं नव्हतं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली.

मला येड लावणारी नारळीकरांची कथा म्हणजे ‘उजव्या सोंडेचा गणपती’. आठवते? क्रिकेटचा सामना, आणि उजव्या हाताने चेंडू टाकणारा गोलंदाज अचानक डाव्या हाताने टाकू लागतो. पुढे उलगडतं की माणूस अवकाशातल्या एका पिळातून फिरून आलाय आणि आतून-बाहेरून आरशासारखा उलटा झालाय. घरातला गणपतीही तसाच.

याचा प्रयोग घरी होतो, पाच मिनिटांत. पारदर्शक प्लास्टिकची हातभर लांब, चार बोटं रुंद पट्टी कापा. दोन टोकं जुळवताना एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि चिकटवा. ही मोबियसची पट्टी; १८५८ मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मनांना ती वेगवेगळी सुचली. आता तिच्यावर स्केचपेनने छोटा गणपती काढा, सोंड डावीकडे. दोन बोटं पुढे सरका, अगदी तसाच दुसरा काढा. मग तिसरा. पेन पट्टीवरून उचलून पलीकडे न्यायचा नाही, कड ओलांडायची नाही, प्रत्येक गणपती मागच्यासारखा डाव्याच सोंडेचा. फेरी पूर्ण होऊन पहिल्या गणपतीच्या जागी आलात की पट्टीतून आरपार बघा. तुम्ही आत्ता काढलेला गणपती आणि पहिला गणपती पाठीला पाठ लावून एकाच जागी आहेत, आणि एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. चूक कुठेच केली नाही. प्रत्येक पाऊल सरळ होतं. उलटं झालं ते जग फिरून आल्यामुळे.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गणपती तीनदा पुसून पुन्हा काढले. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक सोवळं, हे आपल्या घराघरांत मुरलेलं. नारळीकरांनी भूमितीतली एक विचित्र शक्यता नेमकी तिथे आणून ठेवली जिथे मराठी माणसाला डावं-उजवं बघायची सवय होतीच. प्लास्टिकची पट्टी द्विमितीत जे करते ते आपल्या त्रिमितीतल्या अवकाशाला कुठे पीळ असेल तर माणसाचंही होईल. पीळ आहे, एवढीच थाप.

त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्येही तसंच. विश्वासरावांना प्रत्यक्षात लागलेली गोळी कथेत कानाजवळून निघून जाते. दोन-चार बोटांचा फरक, आणि हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या रुळावर.

तर, उलटा माणूस. नारळीकरांना गोलंदाजाच्या हातात रस होता. मला त्याच्या जेवणाचा प्रश्न पडला.

आपलं शरीर आतूनही डावं-उजवं पाळतं. लुई पाश्चरने १८४८ मध्ये एका क्षाराचे बारीक स्फटिक भिंगाखाली चिमट्याने निवडून दोन ढीग केले. दोन्हीतलं रसायन तेच, पण एक ढीग दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखा. पुढे कळत गेलं की सजीवांच्या प्रथिनांत अमिनो आम्लं जवळजवळ सगळी ‘डावी’, आणि साखरा ‘उजव्या’. असं का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. पण आपली पाचक द्रव्यं त्या-त्या हातासाठी बेतलेली असतात. डाव्या हातमोज्यात उजवा हात जात नाही.

खोटं वाटत असेल तर स्वयंपाकघरात जा. पुदिन्याचा वास ज्याने येतो ते कार्व्होन. बाळंतिणीला देतात त्या बाळंतशेपेच्या वासातही कार्व्होनच. अणू तेवढेच, जोडणीही तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. नाकाला मात्र दोन वेगळ्याच वस्तू. मी दोन वाट्या समोर ठेवून आलटून पालटून हुंगत बसलो होतो. बायकोने विचारलं, “अहो, सर्दी झालीय का?”

म्हणजे माझ्या उलट्या माणसाला पुदिन्याच्या चटणीत बाळंतशेपेचा वास येणार. हे गमतीचं. पुढचं गमतीचं नाही. छत्तीसगड म्हणजे ‘धान का कटोरा’. इथे रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खातात, बासी म्हणतात. उन्हाळ्यात त्याच्यावर माणसं शेतात दिवस काढतात. त्या भातातला स्टार्च म्हणजे उजव्या साखरेची लांबच लांब साखळी. उलट्या माणसाची उलटी पाचकं ती तोडूच शकणार नाहीत. तो कटोराभर बासी खाईल, पोट भरेल, ढेकरही देईल आणि उपाशी मरेल. भाताच्या गावात, भरल्या ताटावर. ही कल्पना सुचली त्या रात्री मला झोप आली नाही. पंधरा दिवसांत अकरा पानं झाली, आणि पहिल्यांदाच प्रत्येक पान आपलं आपण पुढच्या पानाकडे जात होतं.

आणि मग डिसेंबर २०२४ उजाडला. जगभरच्या अडतीस शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात इशारा छापला: प्रयोगशाळेत आरशातले, म्हणजे संपूर्ण उलट्या रेणूंचे जीवाणू बनवायच्या वाटेला जाऊ नका. ते आज शक्य नाही, पण काही दशकांत होऊ शकेल. आणि आपली प्रतिकारशक्ती त्यांना नीट ओळखू शकणार नाही अशी भीती आहे. मी थाप म्हणून जे रचत होतो त्याच्यावर गंभीर माणसं बंदी मागत होती. बातमी वाचून आधी छाती फुगली आणि लगेच पोटात गोळा आला. आता ही कथा कुणी वाचली तर म्हणणार, पेपर वाचून लिहिलीय. विज्ञानकथा लिहिणाऱ्याच्या नशिबी हे असतंच. चूक असलात तर समासात पेन्सिल, बरोबर असलात तर पेपरात बातमी.

तीन महिने वहीला हात लावला नाही. नंतर एकदा लुईस कॅरोलची ॲलिस हाती आली. आरशापलीकडच्या जगात शिरण्याआधी तीही मांजरीशी बोलताना शंका काढते की आरशातलं दूध प्यायला बरं असेल की नाही. पुस्तक १८७१ चं, सप्रे जन्मले त्या वर्षाचं. म्हणजे पहिला मी नव्हतोच, अडतीस जणही नव्हते. का कोण जाणे, पण त्याने मोकळं वाटलं. दुधाचं तिने विचारलं होतं. भाताचं कुणी विचारलं नव्हतं.

परवा रात्री जेवताना बायकोने विचारलं, “तुमच्या त्या माणसाचं काय झालं? अजून उपाशीच?”

“अगं, त्याला चालेल असं काही सापडत नाही. पाणी चालतं, मीठ चालतं.”

“मग ताक द्या की. पाणी आणि मीठच तर असतं त्यात.”

“दुधातली साखर असते. ती उजवी.”

“ती जिरत नाही कित्येकांना, तरी पितात. शेजारच्या काकूंना नाही का? आणि लोणी?”

लोण्याचा मी विचारच केला नव्हता. स्निग्ध पदार्थांतल्या लांब साखळ्यांना डावं-उजवं नसतं, ग्लिसरीनलाही नसतं. दोन्ही एकमेकांना जोडलेली असताना उलटी पाचकं ती सोडवू शकतील का? बहुधा शकतील, थोडी सावकाश. मग लोण्यावर माणूस किती दिवस काढेल? प्रथिनं तर मिळणारच नाहीत. चाळीस दिवस? साठ?

“भात वाढू का?” ती म्हणाली.

मी हात धुवायला उठलो होतो. वही टेबलावर होती, बाराव्या पानाला.